पायाळू विमान

उडत्या विमानावर वीज कोसळते तेव्हा खिडकीबाहेर डोळे दिपवणारा लखलखाट होतो, पाठोपाठ कानठळ्या बसवणारा एकच मोठा आवाज येतो आणि विमान पुढे जात राहते. बहुतेक वेळा एवढेच घडते. नियमित सेवेतल्या प्रत्येक प्रवासी विमानाला सरासरीने वर्षातून एकदा हा तडाखा बसतो, असा विमान उद्योगातला ढोबळ हिशेब आहे. जगभर अशी विमाने हजारोंच्या संख्येने उडतात. म्हणजे रोज कुठे ना कुठे, एकापेक्षा अधिक विमानांवर वीज पडतच असते. तिची बातमी होत नाही, कारण विमान ठरल्या ठिकाणी उतरते आणि प्रवासी आपापल्या घरी जातात.

सोलापूरकरांसाठी हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा ठरलेली सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. नव्याने उभ्या राहिलेल्या विमानतळाचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले आणि ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान सुरू झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईची सेवाही आली. यातल्या दोन तारखा आकाशाकडे पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतील. जूनचा दुसरा आठवडा म्हणजे मृगाचा काळ, वळीव सरत असतो आणि मोसमी पाऊस दारात असतो. ऑक्टोबर म्हणजे परतीच्या पावसाचा महिना. सोलापूरच्या आकाशात विजा सर्वाधिक चमकतात त्या याच दोन हंगामांत.

जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. पण पाऊस कमी म्हणजे विजा कमी, असे हे गणित नाही. कोकणात आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस धो धो पाऊस पडतो, तरी त्या ढगांत वीज फारशी कडाडत नाही, कारण ते ढग त्या मानाने ठेंगणे असतात. सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर झेपावते आणि समुद्राकडून आलेली ओल तिला मिळाली की दुपारनंतर ढग उभे वाढू लागतात. तासाभरात त्यांचे माथे बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर जातात आणि वरचा भाग ऐरणीसारखा पसरतो. हवामानशास्त्रात या ढगाला क्युम्युलोनिंबस म्हणतात. शेतकरी त्याला वळवाचा ढग म्हणतो आणि तो भरून आला की खळ्यावरचे आवरायला धावतो.

या ढगाच्या पोटात हिमकण आणि छोट्या मऊ गारा यांची सतत टक्कर होत असते. हलके हिमकण धनभार घेऊन वर जातात, जड गारा ऋणभार घेऊन मधल्या थरात राहतात. वर धन आणि मध्ये ऋण अशी विभागणी वाढत गेली की दोन थरांमध्ये, तसेच ढग आणि जमीन यांच्यामध्ये, प्रचंड विद्युत ताण निर्माण होतो. हवा एरवी विजेची वाहक नाही. पण ताण एका मर्यादेपलीकडे गेला की हवेचे रेणू फुटतात, तिच्यात वाहक अशी एक बारीक वाट तयार होते आणि त्या वाटेने भार धावतो. हीच वीज. तिच्या वाटेचे तापमान क्षणभर तीस हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ पाचपट. एवढी तापलेली हवा एकदम फुगते, तिचा जो धक्का बसतो तो गडगडाट.

महाराष्ट्रात एक जुनी समजूत आहे, की जो पायाळू जन्मतो, त्याच्यावर वीज पडते. म्हणून वीज कडाडू लागली की पायाळू मुलाला घराबाहेर जाऊ देत नसत आणि अंगणातली काशाची भांडीही आत घेत. माणसाच्या बाबतीत या समजुतीला काही आधार नाही. जन्मताना पाय आधी आला की डोके, याच्याशी विजेला देणेघेणे नसते. विमानाच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट शब्दशः खरी आहे. विमान आकाशातून चालले होते आणि नेमकी त्याच वेळी वीज तिथून गेली, असे क्वचितच घडते. दहापैकी सुमारे नऊ वेळा ती वीज विमानामुळेच पेटलेली असते. विमान तिथे नसते, तर त्या क्षणी त्या जागी वीज झालीच नसती.

हे कसे होते, ते समजून घेण्यासारखे आहे. भारलेल्या ढगाजवळ विमान गेले की त्याच्या धातूच्या अंगातले विद्युतभार एका बाजूला ढकलले जातात. एक टोक धन होते, दुसरे ऋण. हे भार टोकदार जागी दाटतात. नाकाचे टोक, पंखांची टोके, शेपटीचा माथा, इंजिनांच्या कडा, पंख्यांची पाती या त्या जागा. तिथे ताण आजूबाजूच्या हवेपेक्षा कित्येक पटींनी वाढतो. ढगातला ताण एरवी हवा फोडायला पुरेसा नसतो, पण विमानाच्या टोकाजवळ तो पुरेसा होतो. आधी एका टोकातून धनभाराची वाट बाहेर पडते. ती वाढत गेली की विमानावर ऋणभार शिल्लक राहतो आणि काही सहस्रांश सेकंदांत दुसऱ्या टोकातून ऋणभाराची वाट निघते. दोन्ही वाटा दोन दिशांनी ढगातल्या विरुद्ध भारांपर्यंत पोचल्या की मंडल पूर्ण होते आणि विमान त्या मंडलातला एक दुवा बनते. प्रवाह एका टोकातून शिरतो आणि दुसऱ्यातून निघून जातो.

विमान स्वतःच विजेला बोलावते, ही गोष्ट फार वर्षे अनुमानाच्या पातळीवर होती. तिचा पक्का पुरावा मिळाला तो १९८० ते १९८६ या काळात. अमेरिकेच्या नासा या संस्थेने एफ-१०६ जातीचे एक लढाऊ विमान उपकरणांनी भरले आणि ते मुद्दाम वादळी ढगांत घातले. एकदा-दोनदा नव्हे, सुमारे दीड हजार वेळा. त्या सहा-सात वर्षांत त्या एकाच विमानावर ७१४ वेळा वीज पडली. ते प्रत्येक वेळी सुखरूप परतले. विजेपासून विमानाचे रक्षण करणाऱ्या आजच्या नियमांमागे त्या उड्डाणांतली मोजमापे आहेत आणि ती उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांचे ऋण प्रत्येक प्रवाशावर आहे.

या शोधातूनच एक वेगळी कल्पना पुढे आली. विजेची सुरुवात बहुधा विमानाच्या धन टोकातून होते. मग विमानावर मुद्दाम थोडा ऋणभार चढवला तर? धन टोकावरचा ताण कमी होईल आणि वीज पेटायला अधिक जबर ढग लागेल. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ही मांडणी गणिताने करून दाखवली. प्रवासी विमानांत ती अजून आलेली नाही, पण विचार पटण्यासारखा आहे.

तडाख्याच्या त्या क्षणाकडे पुन्हा वळू. जमिनीवर वीज एका जागी पडते. विमान पुढे सरकत असते, म्हणून तिथे गोष्ट बदलते. सोलापूर–गोवा मार्गावर एटीआर ७२ जातीचे पंख्याचे विमान वापरले जाते. त्याची लांबी सुमारे २७ मीटर आणि वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे १४० मीटर. एका विजेत प्रवाहाचे अनेक झटके एकामागून एक येतात आणि सगळे मिळून ती अर्धा सेकंद, कधी त्याहून अधिक टिकते. विजेची वाट हवेत एका जागी थांबलेली असते, विमान मात्र सेकंदाच्या पाचव्या हिश्शात आपली अख्खी लांबी पुढे गेलेले असते. म्हणून नाकावर पकडलेली वीज विमानाच्या अंगावरून मागे घसरत जाते. थोडी पुढे सुटते, मागे दुसरीकडे चिकटते, पुन्हा सुटते, पुन्हा चिकटते. नंतर तंत्रज्ञ पाहतात तेव्हा नाकापासून शेपटीपर्यंत रिव्हेटांच्या ओळीवर जळाल्याचे छोटे छोटे डाग एका रांगेत दिसतात, जणू कोणी तापल्या सळईने ठिपके देत गेले आहे.

सामान्य विजेत प्रवाहाचा जोर तीस हजार अँपिअरच्या आसपास असतो. घरातल्या मुख्य बटनाची क्षमता तीस-चाळीस अँपिअर धरली, तर हा आकडा हजारपटीचा. विमानाचे भाग मात्र दोन लाख अँपिअरच्या प्रवाहाला धरून तपासले जातात. एवढा प्रवाह अंगावरून जाऊनही आतल्या माणसाला झिणझिणी का येत नाही, याचे उत्तर मायकेल फॅरेडे याने १८३६ मध्ये लंडनमध्ये दिले होते. धातूच्या बंद पिंजऱ्यावर बाहेरून विजेचा मारा झाला तरी भार पिंजऱ्याच्या बाहेरच्या अंगावरच राहतो, आत शिरत नाही. स्वतः पिंजऱ्यात बसून त्याने हे सिद्ध केले. अॅल्युमिनियमचे विमान म्हणजे उडणारा फॅरेडेचा पिंजरा. खिडक्या असल्या तरी त्या लहान असतात, त्यांनी पिंजरा मोडत नाही.

पण पिंजरा अखंड हवा, ही अट महत्त्वाची आहे आणि विमानाची खरी कारागिरी इथेच आहे. विमानात हलणारे भाग पुष्कळ असतात. पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, शेपटीवरचे सुकाणू, चाकांचे दरवाजे हे सगळे बिजागऱ्यांवर फिरतात. प्रवाह बिजागरीतून गेला तर तिथे ठिणगी पडेल, बेअरिंग जळेल किंवा वितळून चिकटून बसेल. म्हणून प्रत्येक सांध्याला समांतर अशी विणलेल्या तारेची लवचिक पट्टी जोडतात. विजेला सोपा रस्ता मिळाला की ती अवघड रस्त्याला जात नाही. विमानाचे विजेपासून रक्षण करण्याचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे. विजेला अडवण्याचा प्रयत्न कुठेच केलेला नसतो, तिला जाऊ देण्याची सोय केलेली असते.

नाकाची गोष्ट थोडी अवघड. विमानाचे रडार नाकात असते आणि रडारच्या लहरी धातूतून पार होत नाहीत, म्हणून नाकावरचे टोपण काचतंतूंचे करावे लागते. काचतंतू वीज वाहून नेत नाहीत. वीज ते टोपण फोडून आतल्या रडारवर जाऊ नये यासाठी टोपणावर धातूच्या बारीक पट्ट्या मागच्या बाजूला ओढलेल्या असतात. वीज त्या पट्ट्यांवरून धावून मागच्या धातूच्या अंगावर जाते. तरीही नाकाला भोक पडण्याचे प्रसंग येतात.

पंखांच्या मागच्या कडेला दिसणाऱ्या काड्यांबद्दल प्रवाशांत एक गैरसमज आहे. त्या वीजरोधक आहेत असे अनेकांना वाटते. हवा, धूळ, पावसाचे थेंब यांच्या घर्षणाने विमानावर स्थिर विद्युतभार साठतो आणि त्यामुळे रेडिओत खरखर येते. तो भार हळूहळू हवेत सोडून देणे, एवढेच त्या काड्यांचे काम. विजेचा तडाखा त्या टाळू शकत नाहीत. उलट वीज अनेकदा त्यांच्यातूनच बाहेर पडते आणि जाताना एखादी काडी जाळून जाते.

गेल्या काही दशकांत या पिंजऱ्यापुढे नवा प्रश्न उभा राहिला. वजन कमी करण्यासाठी विमाने कार्बनतंतूंची बनू लागली. एटीआर ७२ च्या पंखांचे बाहेरचे भाग १९८० च्या दशकाअखेरीसच कार्बनतंतूंचे होते. बोइंग ७८७ मध्ये वजनाच्या निम्मा भाग अशा संमिश्र पदार्थांचा आहे. कार्बनतंतू वीज वाहतात, पण अॅल्युमिनियमच्या मानाने हजारपटीने कमी आणि त्यांना धरून ठेवणारी राळ तर जवळजवळ वाहतच नाही. अशा अंगावर वीज पडली की ती वाट सापडेना म्हणून तिथेच तापते, राळ जळून तिची वाफ होते आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात. यावर उपाय म्हणून रंगाच्या थराखाली तांब्याची अतिशय पातळ जाळी बसवतात. डोळ्यांना ती दिसत नाही. कार्बनच्या विमानाला तिने पुन्हा पिंजरा बहाल केला आहे. जाळीमुळे थोडे वजन मात्र वाढते.

सर्वांत नाजूक जागा इंधनाच्या टाक्यांची. त्या पंखांतच असतात. टाकीत इंधनाची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते आणि त्याला एक ठिणगी पुरते. हे जगाला प्रकर्षाने जाणवले ते ८ डिसेंबर १९६३ रोजी. पॅन अमेरिकन कंपनीचे बोइंग ७०७ अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात एल्कटन गावाजवळ उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालत होते. वीज पडली, डाव्या पंखातल्या टाकीतल्या वाफेचा स्फोट झाला, पंख तुटला आणि विमानातले सर्व ८१ जण मृत्युमुखी पडले. ९ मे १९७६ रोजी स्पेनमध्ये माद्रिदजवळ इराणच्या हवाई दलाचे एक बोइंग ७४७ अशाच प्रकारे कोसळले, त्यात १७ जण गेले. आजच्या विमानांत टाकीवरचा पत्रा वीज चिकटून बसली तरी भोक पडणार नाही इतका जाड ठेवतात. टाकीच्या आतल्या बाजूला खिळ्यांची, नळ्यांची आणि झाकणांची रचना एकही ठिणगी आत पडणार नाही अशी असते. वाफ बाहेर जाण्याच्या छिद्रांजवळ ज्योत अडवणारी जाळी असते. अनेक नव्या विमानांत तर टाकीतल्या रिकाम्या जागेत नायट्रोजनचे प्रमाण वाढवतात, म्हणजे जळायला प्राणवायूच पुरत नाही. यातले बरेच नियम कोणत्या तरी अपघातानंतर लिहिले गेले आहेत.

प्रवाह बाहेरच्या अंगावरून गेला तरी त्याचे चुंबकीय क्षेत्र आत जाणवते आणि आतल्या तारांमध्ये क्षणभर विद्युतदाब निर्माण होतो. जुन्या विमानांत लोखंडी दोऱ्या आणि चाकांनी सुकाणू हलत असे, तेव्हा याची चिंता नव्हती. आता अनेक विमानांत इंजिन आणि सुकाणू दोन्ही संगणक चालवतात. म्हणून महत्त्वाच्या तारांना धातूचे वेष्टन असते, उपकरणांपुढे दाब गिळणारे भाग असतात आणि एकाच कामासाठी दोन-दोन, तीन-तीन संगणक वेगवेगळ्या जागी ठेवलेले असतात. एक क्षणभर बावचळला तरी दुसरा काम सांभाळतो. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी चंद्राकडे निघालेल्या अपोलो १२ यानावर उड्डाणानंतर ३६ सेकंदांनी आणि पुन्हा ५२ सेकंदांनी वीज पडली. रॉकेट आणि त्याच्यामागची तापलेल्या वायूंची लांब शेपटी यांनीच ती पेटवली होती. यानातले वीजपुरवठ्याचे घट बंद पडले, दिवे लागले, घंटा वाजू लागल्या. जमिनीवरच्या एका तरुण अभियंत्याला योग्य बटण आठवले, अंतराळवीराने ते फिरवले आणि यान पुढे चंद्रावर उतरले.

प्रत्येक गोष्टीचा शेवट असा झालेला नाही. ५ मे २०१९ रोजी मॉस्कोहून उडालेल्या सुखोई सुपरजेट विमानावर काही मिनिटांतच वीज पडली. रेडिओ संपर्क तुटला, सुकाणूची संगणकीय मदत गेली आणि विमान हाताने चालवावे लागले. वैमानिकांनी ते माघारी आणले, पण ते धावपट्टीवर जोरात आदळून उसळले आणि पेटले. ७८ पैकी ४१ जण गेले. विजेने विमान पाडले नव्हते. विजेने जी परिस्थिती निर्माण केली ती हाताळताना अपघात झाला. १९७१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पेरू देशात लान्सा कंपनीचे विमान वादळात शिरले, त्यावर वीज पडली आणि ते हवेतच फुटले. ९२ पैकी ९१ जण मरण पावले. युलियाने कोप्के ही १७ वर्षांची मुलगी आसनाला बांधलेल्या अवस्थेत सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून जंगलात पडली आणि अकरा दिवस चालत जिवंत बाहेर आली. त्या विमानाची चूक विजेच्या आधी झाली होती. त्याने वादळात शिरायला नको होते.

म्हणूनच वैमानिक विजेपेक्षा ढगाला अधिक भितो आणि त्याचे बरोबर आहे. वळवाच्या ढगात वीज असते, तशी गारपीट असते, आणि मिनिटाला शेकडो मीटर वर-खाली नेणारे हवेचे झोत असतात. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेल्या विमानाचे नाक फाटले ते गारांनी, त्यात विजेचा हात नव्हता. विमानाच्या नाकातले रडार ढगातल्या पाण्याच्या थेंबांची आणि गारांची दाटी दाखवते. लाल आणि जांभळा रंग दिसला की वैमानिक वाट बदलतो आणि मोठ्या ढगापासून वीस सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर दूर राहण्याचा प्रयत्न करतो.

इथे सोलापूर–गोवा विमानाची एक खास अडचण येते. लांब पल्ल्याची जेट विमाने दहा-बारा किलोमीटर उंचीवरून बरेचसे ढग पायाखाली घालून जातात. एटीआर ७२ ला कमाल २५ हजार फुटांची, म्हणजे साडेसात किलोमीटरची मर्यादा आहे. बारा-पंधरा किलोमीटर उंच ढगावरून ते जाऊच शकत नाही, त्याला वळसाच घालावा लागतो. दुसरे असे, की विमानांवर सर्वाधिक विजा पडतात त्या जिथे तापमान शून्य अंशाच्या आसपास असते त्या थरात. आपल्याकडे उन्हाळ्यात-पावसाळ्यात हा थर साधारण पाच किलोमीटर उंचीवर असतो. मोठे जेट तो थर चढताना आणि उतरताना काही मिनिटांत ओलांडते. पंख्याचे विमान मात्र जवळच्या मार्गावर त्याच उंचीच्या आसपास प्रवास करते. मे महिन्यात किंवा परतीच्या पावसात संध्याकाळचे विमान उशिरा निघाले, लांबून वळून आले किंवा दुसरीकडे नेले, तर त्याचे कारण या पाच किलोमीटरच्या थरात शोधावे.

सोलापूरच्या ढगांचा अभ्यासही झाला आहे, जरी त्याचा हेतू पाऊस हा होता. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरला केंद्र करून मेघबीजनाचा मोठा प्रयोग केला. केगाव येथील एन. बी. नवले सिंहगड अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात रडार बसवले होते. विमाने ढगांच्या तळाशी जात आणि पंखांवर बसवलेल्या नळकांड्यांतून कॅल्शियम क्लोराइडचे कण वर जाणाऱ्या हवेत सोडत. याच संस्थेने २०१४ पासून महाराष्ट्रात विजा टिपणाऱ्या संवेदकांचे जाळे उभारले, जे नंतर देशभर पसरले. वीज पडली की तिच्या रेडिओलहरी अनेक केंद्रांवर पोचतात, त्या पोचण्याच्या वेळांतल्या सूक्ष्म फरकावरून तिची जागा कळते. मोबाइलवरचे ‘दामिनी’ ॲप याच माहितीवर चालते.

वीज पडल्यावर विमानात काय केले जाते, हेही सांगायला हवे. रात्रीच्या वेळी ढगांच्या जवळून जाताना वैमानिक आपल्या कक्षातले दिवे पूर्ण उजेडावर ठेवतात, म्हणजे लखलखाटाने डोळे अंधारून उपकरणे दिसेनाशी होत नाहीत. तडाख्याआधी कधी कधी पुढच्या काचेवर निळसर ज्योतीच्या रेषा नाचताना दिसतात आणि रेडिओत खरखर ऐकू येते. वीज पडली की वैमानिक दर्शक, होकायंत्र, इंजिने आणि रेडिओ एकेक करून पाहतात. सगळे ठीक असेल तर उड्डाण पुढे चालू राहते. उतरल्यावर विमानाच्या नोंदवहीत वीज पडल्याची नोंद करणे बंधनकारक असते आणि ती नोंद झाली की तपासणी पूर्ण झाल्याशिवाय ते विमान पुन्हा उडत नाही.

ही तपासणी डोळ्यांत तेल घालून करावी लागते. वीज कुठून शिरली आणि कुठून गेली, त्या दोन्ही जागा आधी शोधतात. नाक, पंख्यांची पाती, पंखांची टोके, शेपटी, काड्या, दिवे, ॲन्टेना हे सगळे शिडी लावून हातभर अंतरावरून पाहतात. वितळलेले रिव्हेट, नाण्याएवढे जळालेले डाग, उडालेला रंग, तुटलेल्या जोडपट्ट्या यांची मोजदाद होते. कार्बनतंतूंच्या भागावर वरून लहानसा डाग दिसला तरी आतले थर सुटले आहेत का, ते ध्वनिलहरींनी तपासतात. लोखंडी भागांत चुंबकत्व शिरले असेल तर होकायंत्र चुकते, म्हणून तेही पाहतात. मोठ्या विमानतळावर यात काही तास जातात. सोलापूरसारख्या ठिकाणी, जिथे विमान येते आणि अर्ध्या तासात परत जाते, तिथे अशी तपासणी निघाली तर परतीची फेरी रद्द होण्याचीच शक्यता अधिक.

विमान जमिनीवर उभे असताना वीज कडाडू लागली, तर नियम आणखी कडक होतात. इंधन भरणे थांबते, सामान चढवणारे कामगार छपराखाली जातात, प्रवाशांना इमारतीतच बसवून ठेवतात. भरून आलेल्या आभाळाखाली विमान समोर दिसत असते आणि दरवाजा मात्र उघडत नाही, याचा त्रास होतो हे खरे. पण विमानात बसलेल्या माणसाभोवती धातूचा पिंजरा असतो. इमारतीपासून विमानापर्यंतच्या मोकळ्या फरशीवर चालणाऱ्या माणसाभोवती काहीही नसते, आणि भारतात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात ती बहुतांशी अशा उघड्यावरच: शेतात, झाडाखाली, रस्त्यावर. होटगी रोडच्या विमानतळावर कधी अशा वेळी थांबवले गेले, तर प्रवाशांनी निश्चिंत मनाने थांबावे.